मालक अज्ञात

योब्रेगात नदीच्या या वळणावर
सगळं मालकाचं होतं.
कालवा, गिरणी, आमच्या घरांचा पिवळा रंग,
चर्चची घंटा, पावाची भट्टी,
भट्टीत पाव सरकवणारा एकडोळ्या एउदाल्दसुद्धा.
पाणी तेवढं वरून, पिरेनीजमधून यायचं.
पण बंधाऱ्याला लागलं की
तेही कामावर रुजू.

ऑगस्टात तीन दिवस कालवा उपसायचे.
टर्बाइन थांबलं की कानांना भोवळ यायची.
बाया सवयीनं ओरडूनच बोलायच्या
आणि मग आपल्याच आवाजाला दचकायच्या.
पोरं गुडघाभर चिखलात वाम पकडायची.
चिखलातून निघायचं काय काय:
किल्ल्या, कांड्या, कुणाची तरी अर्धी कवळी,
एकदा दोरीनं बांधलेला
संपाच्या पत्रकांचा लगदा.
तो कुणीच ओळखला नाही.

मी दरवर्षी काठावर उभी राहायचे,
बघायचं नाही असं ठरवून
बघायचे.

सतरा वर्षांची होते. मुकादम पुजादेस
मला पाण्यात पाहायचा.
त्या दिवशी माझ्या मागावरचं कापड
त्यानं सगळ्यांदेखत टराटरा फाडलं.
एक धागा सुटला होता, एकच.
मी काही बोलले नाही.
धोटा उचलला, खिडकीशी गेले.
बुडुक.
खडखडाटात तो आवाज
मलासुद्धा ऐकू आला नसणार,
पण आला.

धोटा हरवला म्हणून
तीन आठवड्यांच्या पगारावर पाणी सोडलं.
आईनं विचारलं, गेला कुठं?
म्हटलं, मला काय विचारतेस.

आता इथं तिकीट आहे.
बटण दाबलं की भोंगा होतो,
दुसरं दाबलं की एक माग चालतो, विजेवर,
दोन मिनिटं.
दर गुरुवारी शाळेतल्या मुलांना मी सगळं दाखवते,
रेमेई आजी, डावं बोट जरा आखूड.

दोन वर्षांमागे कालव्याचा गाळ यंत्रानं काढला.
काचेच्या पेटीत, दिव्याखाली,
लोखंडी टोकांचा, काळा पडलेला.
खाली पाटी:
धोटा. साधारण १९६०. मालक अज्ञात.
पोटावर खिळ्यानं कोरलेलं माझं अक्षर
त्यांना तडा वाटलं.

परवा एका मुलीनं काचेला नाक लावून विचारलं,
मग हा कुणाचा होता?
मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
मालकाचा नव्हता, म्हटलं.
चला, पुढं टर्बाइन आहे,
पायरी ओली असते.