दहावं पाऊल

रॉटरडॅम, रात्री पावणेबारा.
विमा कंपनीचा सातवा मजला पुसून झाला की
बादली उलटी घालून मी तिच्यावर बसते
आणि मोबाइलला विचारते :
मिंदेलो, अठरा ऑगस्ट, एक बाई, एक बॅग.

काल पाचशे बारा होते.
आज पाचशे सत्तेचाळीस.
गरजवंताला अक्कल नसते, ठीक;
पण मी गरजवंत हे याला सांगितलं कुणी?
ओलिंपियाच्या नातवाचा बाप्तिस्मा आहे
हे तर मी मुकादमालाही बोलले नाही अजून.

आमच्या बंदरावर
ट्यूना हवा असेल तर ट्यूनाकडे बघायचं नाही.
शेजारच्या बांगड्याचे कल्ले उघडून बघायचे,
नाक मुरडायचं, चालू लागायचं.
दहाव्या पावलाला मागून हाक येतेच :
'अगं ए, किती देतेस ते तरी बोल!'

तसंच केलं.
रीगा बघितलं. ओस्लो बघितलं,
तिथली हॉटेलं, बाथटबसकट.
रीगात माझं कोण आहे?
कासिया म्हणाली, खासगी खिडकी उघड,
मागचं सगळं पुसून टाक.
पुसणं मला शिकवते.

लाल अक्षरं आली :
'ही खोली आत्ता एकोणीस जण बघताहेत.'
त्या रिकाम्या मजल्यावर
मी उगाच ॲप्रन सारखा केला.

नऊ रात्री अशाच.
मग आली हाक, मेलमधून :
'इदालिना, काही विसरलीस का?'
पाचशे एक!
घेतलं झटकन. पैसे गेल्यावर कळलं, बॅग वेगळी.
बॅगेचे पंचेचाळीस.
म्हणजे नऊ रात्रींची कमाई
एक युरो.

वाटेत लिस्बनला रात्र काढायची होती.
पडद्यावर खोली चौऱ्याहत्तर.
आता कुठलं रीगा न् कुठलं काय,
सरळ फोनच लावला.
पलीकडचा मुलगा टापटीप पोर्तुगीज बोलत होता,
पण आकडा सांगताना त्याची जीभ घसरली
ती थेट आमच्या चढावर.
'कुठल्या गल्लीतली तुम्ही?'
नाव आदेरितो. त्याची मावशी माझ्या बाकावर बसायची,
माझ्या पेन्सिली खायची.

'अडुसष्ट,' म्हणाला. 'न्याहारी धरून.
फक्त एक काम होतं, ताई.
आईला शिलाई मशीन पाठवायचंय.
हाताचंच आहे. अकरा किलो.'

मी गप्प.
तोही गप्प, पक्क्या कोळणीसारखा.

'बरं,' म्हटलं.
बादली सरळ केली
आणि बॅगेतून काय काय काढावं लागेल
ते बोटांवर मोजत
आठवा मजला पुसायला गेले.