ओळखीचं कोणी

वीस वर्षं एकच धडा घोकून घेतला तिच्याकडून:
अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नाही.
गोळी नाही, चिवडा नाही,
इतवारीच्या गर्दीत चुकली तरी
कोणाचं बोट धरायचं नाही.

आता श्वेतल नारिनहून फोन करते.
(नकाशात पाहिलं मी. किरगिझस्तान. सगळं तपकिरी.)
शेवटची गाडी चुकली म्हणे.
अंधारातून रुमाल बांधलेली एक बाई आली,
एक शब्द न बोलता हिची पिशवी उचलून चालू लागली
आणि ही मागोमाग.
मागोमाग!
घोडीचं आंबवलेलं दूध प्यायली, ओकली,
बाईनं पाठ चोळली.
सकाळी पैसे काढले तर बाईनं हातावर चापट मारली.
"नशीब, बाबा. दुसरं काय?"

मी कूलर दुरुस्त करतो. पाचपावलीत, सव्वीस वर्षं.
नशिबावर फिरलेली मोटर अजून पाहिली नाही.
कंडेन्सर गेला की गेला.
तिची आई दर मंगळवारी टेकडीच्या गणपतीला जाते,
मी बाहेर चपला सांभाळतो.

त्या मंगळवारी सेहेचाळीस होतं.
डांबर चपलेला सोडत नव्हतं.
मालवाहू ऑटोत रविनगरच्या मॅडमचा कूलर,
दुपारी दोनचा वायदा,
आणि संत्रा मार्केटजवळ, बंद शटरच्या वीतभर सावलीत
एक गोरा पोरगा. पाठीवर त्याच्याएवढीच पिशवी.
उकडलेल्या बिटासारखा लाल.
मेलेला फोन हातात उलटा धरलेला.

बाटली पुढे केली.
त्यानं मान हलवली, पिशवीचा पट्टा घट्ट धरला.
मी आधी दोन घोट प्यालो, त्याला दिसेल असे.
तरी नाही.

वाईट वाटायला हवं होतं.
उलट मनात म्हटलं, शाबास,
कोणाच्या तरी बापानं नीट शिकवलंय.
आणि मग, पन्नाशी उलटल्यावर, पहिल्यांदा लक्षात आलं
की ज्याच्याबद्दल मी वीस वर्षं सांगत आलो
तो माणूस मी आहे.

उभा राहिलो जरा वेळ.
पाणी घ्यायचं तर हात पुढे करावा लागतो.
वाऱ्याचं तसं नाही.

कूलर उतरवला.
रज्जाकभाईच्या पानठेल्यातून वायर ओढली.
"अरे, काय करून राह्यला? बिल कोन भरनार?"
पाणपोईच्या रांजणातून दोन बादल्या घेतल्या,
तिथल्या म्हातारीनं माझ्या सात पिढ्या काढल्या.
ताट्या भिजल्या. खसचा वास सुटला.
पंखा आधी कुरकुरला
(बुश बदलायचा राहिला होता, कबूल करतो),
मग लागला.

मी लांब जाऊन ऑटोच्या पायरीवर बसलो,
पाठ करून.
आरशात दिसत होतं:
आधी पट्टा सुटला, मग बूट,
मग डोळे.

अर्धा तास. मॅडमचे तीन मिस्ड कॉल.
उठताना त्यानं कूलरवरून हात फिरवला,
गाईच्या पाठीवरून फिरवतात तसा.
माझ्याकडे पाहिलं, न पाहिल्यासारखं,
आणि स्टेशनाच्या दिशेनं गेला.
"काय भेटलं तुले?" रज्जाकभाईनं विचारलं.
"टेस्टिंग केली," म्हटलं. "चालते मोटर."

त्या बाईचं मी काही फेडलं, असं नाही.
कुठं नारिन, कुठं संत्रा मार्केट,
मधे कोणी वायर टाकलेली नाही.
रविनगरला शिव्या खाल्ल्या, पन्नास रुपये कमी घेतले,
बुश फुकट बदलून दिला.

रात्री फोन आला.
उद्या डोंगरापलीकडे जाते म्हणाली, बर्फ आहे अजून.
यातलं काहीच मी सांगितलं नाही. विचारलं फक्त,
"तिकडं ओळखीचं कोणी आहे का?"
"कोणीच नाही, बाबा."
"बरं," म्हटलं.
"स्वेटर घालून जा."