सोळापट

डेल्फ्टच्या कालव्याकाठी, तळघरात,
रात्रपाळीला वीत्स्के. डोळे सोडून सगळी झाकलेली.
भिंगाखाली सिलिकॉनची एक पट्टी,
केसाच्याही कितव्या भागाएवढी कोण जाणे,
आणि समोर तिच्यासारखीच दुसरी,
दोघींना सोन्याचा मुलामा.
मध्ये नव्वद नॅनोमीटर.
मध्ये हवासुद्धा नाही; दोन दिवस पंप लावून उपसलेली.

तरी त्या एकमेकींकडे वाकतात.

विजेचा भार नाही, तपासला.
लोहचुंबक नाही.
जिथे काही नाही तिथेही लाटा उठतात म्हणे,
आणि इतक्या अरुंद बोळात
मोठ्या लाटांना शिरता येत नाही.
आत कमी, बाहेर जास्त,
तेवढ्या फरकानं भिंती आत सरकतात.

अंतर निम्मं केलं
की ओढ सोळापट.
हे तिनं हार्लिंगेनला फोन करून आईला सांगितलं.
आई म्हणाली, त्यात नवीन काय?

ल्युबर्टनं एकवीस वर्षं
चिकटलेल्या पट्ट्या बाद केल्या.
एकदा बिलगल्या की सुटत नाहीत,
स्प्रिंगचा जीव तो केवढा.
टाकून न देता बरणीत साठवायचा,
आणि निवृत्तीच्या दिवशी ती बरणी
वीत्स्केच्या टेबलावर ठेवून गेला.
वर चिठ्ठी: माझं सगळं काम.

वीत्स्केनं भांडण सोडून दिलं.
ओढ आहे ना, मग असू दे.
स्प्रिंग अशी बेतायची
की पट्टी पडायच्या काठावर उभी राहील
आणि पडणार नाही.
तिथे, फक्त तिथेच, तिला सगळं ऐकू येतं:
समुद्रबांधाच्या पोटात पाणी झिरपू लागलं
तर मातीला सुटणारा कंप,
जो वर चरणाऱ्या मेंढ्यांच्याही पायांना
अजून कळलेला नाही.

चाळीस पट्ट्या चिकटल्या.
बरणीत आता झाकण लागेना.
एक्केचाळिसावी
पहाटे पावणेचारला थरथरली,
वाकली,
आणखी वाकली.
वीत्स्केचा हात बरणीकडे गेलेला.

वर पुलावरून कुणीतरी सायकलनं चाललं होतं,
पुलाची एक फळी सैल आहे, सगळ्यांना माहीत आहे.
सायकल पुढे गेली.

वहीत तिनं लिहिलं: परत आली.
खाली वेळ, तापमान, दाब.
मग जागा उरली होती म्हणून
पुन्हा एकदा:
परत आली.