अडीच वाजता

रात्री अडीचला जाग येते.
मला नाही, उजव्या अंगठ्याला.
शेजारी लसमव्वा गाढ झोपलेली,
तिला काय माहीत, हातभर अंतरावर
कुणी भट्टी पेटवलीय ते.

अंगावरची चादर बाजूला करतो.
एकतीस वर्षं मीच विणल्या या.
आधी साखर पेठेत, मग अक्कलकोट रोडला,
मोर, कमळ, पुन्हा मोर.
मालक गिऱ्हाइकाला सांगायचा,
वीस वर्षं वापरा, दोरा हलणार नाही.
आज तिची एक दशी नखाला लागली
तर मी आईला हाक मारतो, तेलुगूत,
आणि आई जाऊन अकरा वर्षं झालीत.

डॉक्टर बिराजदार रिपोर्ट बघून म्हणाले, आठ पॉइंट नऊ.
मी म्हटलं, किती विकेट?
युरिक ॲसिड, म्हणाले,
रक्तातली साखर नाही ही, रक्तातली काच आहे, सांध्यात बसते.
गोळी लिहून दिली. मग सुरू झाले:
कलेजी बंद, गुर्दा बंद, भेजा बंद,
सुकी मासळी बंद, बीअर तर
दुकानाची पाटीसुद्धा वाचायची नाही.
मी हळूच विचारलं, पाया?
आमच्यात म्हणतात, जे दुखतं ते खावं.
ते हसले नाहीत.

आणि पाणी. दिवसाला तीन लिटर.
आता मी हसलो.
साहेब, आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो.
तरी लसमव्वानं एका कळशीवर
खडूनं माझं नाव घातलं,
नातवाला दटावलं, ही आजोबांच्या पायाची.
घरात पहिल्यांदाच माझ्या नावावर काही झालं.

आधी मी शहाणपणा केला.
खाणंच बंद, म्हणजे दुखणंच बंद.
दोन दिवस नुसत्या चहावर काढले,
तिसऱ्या रात्री अंगठा वांग्यासारखा.
उपाशी माणसालाही धरतो हा, डॉक्टर ओरडले,
जेवा की नीट!
मग कडक भाकरी, ताक, दोडका, पातळ वरण.
शेंगाची चटणी थोडी.
थोडी म्हणजे किती, हे या गावात
अजून कुणी ठरवलेलं नाही.

परवा मेव्हण्याच्या नातवाचं जावळ.
बोकड कापलेलं, मसाल्याचा वास
पार विडी घरकुलपर्यंत गेला असेल.
मल्लेशमनं ताटात नळी टाकली,
तुझ्यासाठी ठेवली होती, म्हणाला.
चाळीस वर्षं ठेवतोय तो.
एका मागावर शिकलो आम्ही.
मी ती नळी बराच वेळ बघत बसलो,
मग रश्शात भाकरी बुडवली, दोनच घास,
आणि नळी त्याच्या ताटात परत ठेवली.
तो काही बोलला नाही. मीही नाही.
ताक मात्र दोन वाट्या मागितलं.

त्या रात्री चादर गुडघ्यापर्यंतच घेऊन
वाट बघत पडलो.
दोन घास होते की अडीच, हिशेब करत.
अडीच वाजले.
काहीतरी आवाज झाला.
अंगठा चाचपला, गप्प होता.

लसमव्वानं दंडाला हलवलं,
नीळ्ळु, नीळ्ळु! उठा, नळ आला.
ती हंडे घेऊन पुढे,
मी मागे पाइप धरून, जरासा लंगडत,
आणि आधी माझ्या नावाची कळशी.