छेदातली करणी

फळ्यावर मी लिहिलं, करणी,
आणि नववी ब एकदम गप्प झाली.
मग मागच्या बाकावरून निलाक्ष खवणेकर:
"बाईनू, कोणी केल्यान?"

मी सांगलीची. जूनमध्ये इथे रुजू झाले.
निवतीत हा शब्द आधी लिंबू-टाचण्यांचा असतो
आणि जागा उरलीच तर गणिताचा,
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
"कोणी केली ते ठाऊक नाही," म्हटलं,
"पण छेदात बसलीय.
उतरवायची कशी, ते बघू."

एक भागिले मूळ दोन.
करा भागाकार:
एक दशांश चिन्ह चार एक चार दोन एक तीन पाच…
भाजकच संपत नाही,
तर भाग लावायला सुरुवात कुठून?
आता वर आणि खाली मूळ दोनने गुणा.
झालं मूळ दोनचं निम्मं.
हे तर दुकानात उभ्या उभ्या तोंडी होतं.

गुणलं कशाने? एकानेच.
दशावतारात दिवसा नारळ सोलणारा
रात्री मुकुट घालून येतो,
तसा हा सजवलेला एक.
किंमत होती तेवढीच.

दुर्वा मेतर वहीतून मान वर न करता म्हणाली,
"पण करणी गेली खंय? वर जाऊन बसली."
खरंच होतं ते.
पुस्तकात याचं उत्तर नाही. माझ्याकडेही नव्हतं.
उत्तर निलाक्षने दिलं, पेन्सिलीला टोक काढत:
"वाटे आधी मोजूचे, बाईनू.
म्हावरा कितीव असांदे."

तास संपायला दहा मिनिटं होती.
मूळ तीन वजा मूळ दोन.
स्वतःनेच गुणून पाहिलं,
तर मधे मूळ सहा अडून बसलं.
याला हवी अनुबद्ध जोडी:
तेच दोघे, फक्त मधलं चिन्ह उलट.

म्हणताना मी दुर्वाकडे बघितलं नाही.
वर्गाने बघितलं.
तिचे वडील आणि काका
गणपतीपासून बोलत नाहीत.

ती आपणहून उठली, खडू घेतला.
तीन वजा दोन.
एक.
"छेदच उरलो नाय," कोणीतरी म्हणालं.
ती त्या एककडे बघत राहिली.
"बाईनू, चिन्ह बदलूचा कोणी?"

बदलत नाही गं कोणी.
वजावाला वजाच राहतो.
अधिकवाल्याला बाहेरून आणून
त्याच्या शेजारी उभं करायचं.
आणि वरही तेवढंच द्यायचं, विसरायचं नाही.

(निलाक्ष विसरला. वहीत लाल पेनाने लिहिलं:
वर?)

शनिवारी दुपारी रापण ओढत होते.
दोराच्या या टोकाला एक भाऊ,
त्या टोकाला दुसरा,
मधे दीडशे पावलं ओली वाळू.
कोणी कोणाला हाक मारली नाही.
जाळं हळूहळू किनाऱ्याला लागलं,
फुगलेलं, चकाकतं, मोजता न येणारं.

वाटे मात्र आधीच मोजलेले. तेवीस.
निलाक्षच्या आजोबांनी माझ्याकडे बघितलं,
पिशवी नव्हती, म्हणून छत्री उघडायला सांगितली,
आणि वाळूत बोटाने
आणखी एक रेघ ओढली.