आठवा

फळ्यावर अर्धा अधिक पाव मांडलं,
सातवीच्या वर्गाने एकमुखाने उत्तर दिलं:
दोन छेद सहा.
वरचे वर, खालचे खाली,
पंगतीला बसवावेत तसे.

मी खडू ठेवला.
शाळेमागची तांबडी माती उकरून
गटागटाला एकेक वाफा दिला.
रताळ्याचे वेल जैनबच्या मामाने दिले, फुकट,
वर म्हणाला, पोरं उलटे लावतील बघा.
तीन उलटे लागलेच.

जांबोटीच्या अलीकडची शाळा ही. आवारात भिंत,
कमरेएवढी.
पलीकडे कन्नड शाळा, अलीकडे आम्ही,
नळ एकच.
ईराण्णा त्या भिंतीवर बसून आमचं गणित ऐकतो.
त्यांच्यात पावाला कालु म्हणतात,
पायालाही कालुच.
सातेरी खो खो हसली, पावाला पाय कसले गा?
मग मीच अडखळले.
आमच्या पावातसुद्धा पाऊल आहे की,
गाय चार पायांवर उभी, एकेक पाय एकेक पाव.
पाऊण म्हणजे त्यांचं मुक्कालु:
तीन पायांची गाय.
शेकडा मात्र भिंतीच्या दोन्ही अंगांना शेकडाच.
कुणी कुणाकडून उसना नेला
ते बाजारालाच ठाऊक.

तिसऱ्या गटात आठ जण.
दसऱ्यानंतर लुमाण्णा गेला,
आई-बाप गोव्याला सेंट्रिंगच्या कामावर,
धाकट्याला सांभाळायला हा.
हजेरीत त्याच्या नावापुढे
अ, अ, अ, अ.

कार्तिकात खणलं.
दुकानातून मागून आणलेल्या ताणकाट्यावर
चाळीस किलो भरलं,
माती झटकून. झटकायच्या आधी बेचाळीस.
वीस किलो खानापूरच्या बाजारात गेलं.
मुलींना बस फुकट, मुलांना तिकीट,
तो खर्च सगळ्यांचा की फक्त मुलांचा
यावर वडाखाली अर्धा तास भांडण,
आणि माझे टक्के कधी शिकून झाले
मला कळलंही नाही.
दहा किलो भाजलं, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी खाल्लं.
पाच किलोला कुदळ लागलेली,
ते आहाराच्या खोलीत लक्कव्वाकडे.

फिलोमिना फळ्यावर मांडत होती.
शून्य दशांश पाच,
शून्य दशांश दोन पाच,
शून्य दशांश एक दोन पाच.
बेरीज शून्य दशांश आठ सात पाच.
साडेसत्त्याऐंशी टक्के.

एक कुठाय? मी विचारलं.
पूर्ण एक यायला हवा.
सगळ्यांनी वह्यांत तोंडं घातली.
साळिंदराने खाल्लं असेल, कुणी म्हणालं.
हातचा विसरला असेल, दुसरं.
मी पुन्हा बेरीज केली. माझीही तेवढीच आली.

शेवटी सातेरी उठली,
माझ्याच टेबलाखालून ओढून काढलं
युरियाचं पोतं, सुतळीने बांधलेलं.
पाच किलो.
लुमाण्णाचं हाय, बाई.
वेल त्यानंबी लावलेत.
पण तो आता नाही ना गं वर्गात, मी म्हटलं,
सातांत वाटलं तर...
तर छेद बदलंल, बाई, ती म्हणाली.
तुम्हीच म्हटला हुता, मधनंच छेद बदलायचा न्हाई.

मी फळ्याकडे बघत राहिले.
हजेरीत तो शून्य.
वाफ्यात एक छेद आठ.

आता माघ लागलाय.
पोतं परवा तोललं, साडेचार भरलं,
सुकलं.
म्हणजे दहा टक्के घट, जैनबने न विचारता सांगितलं,
पण हिस्सा तोच, नव्हं?
मी हो म्हटलं. हे पुस्तकात
कुठल्या पानावर आहे मला सांगता येणार नाही.

पोत्याच्या भोकातून कोंब आलेत,
जांभळट, खिडकीकडे तोंड करून.
त्यातला एक टेबलाच्या पायाला लागलाय,
पायाला,
पावाला,
कालुला.
झाडणाऱ्या पोरी तेवढी जागा सोडून झाडतात.