नावाला

साहेब तपासणीला आले तेव्हा
माझे हात कोपरापर्यंत खळीत होते.
सांवेर रोड, सेक्टर एफ, पत्र्याची शेड,
आणि पंखा जो फक्त आवाज करतो.

साहेबांनी आधी मुकुंदला नमस्कार केला.
त्यानं तो क्षणभर हातात धरला
आणि माझ्याकडे सरकवला,
चुकून आपल्या पेटीत पडलेलं पत्र
शेजारी नेऊन द्यावं तसा.

फाइलवर लिहिलेलं: भौतिक सत्यापन.
महिला उद्यमी, श्रीमती विभावरी मोघे.
खालच्या रकान्यात: पति / पिता का नाम.
त्याच्यापुढे लाल चांदणी,
म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.
मी भरलं होतं. मला पुढे जायचं होतं.

"आप रोज़ आती हैं यहाँ?"
दारापाशी माझ्या चपला होत्या, टाचेकडे झिजलेल्या.
त्यांनी सांगितलं असतं,
पण चपलांची सही चालत नाही.

खरं सांगायचं तर
साहेबांचा संशय अगदीच खोटा नव्हता.
चौदा वर्षांपूर्वी मामंजींनी
एका कागदावर बोट ठेवून म्हटलं होतं,
"इथं कर सही. बाईच्या नावावर व्याज कमी पडतं."
मी पोळ्या टाकून उठून आले होते.
सहीच्या शेपटीला पीठ लागलं.
तेव्हा मी नावाला होते,
लग्नपत्रिकेत वारलेल्या काकांचे आशीर्वाद असतात
तशी.

मग मामंजींची एक बाजू लुळी पडली,
मुकुंदला बँकेतली नोकरी सोडवेना,
आणि सेववाल्यांची दिवाळी कुणासाठी थांबत नाही.
मी शेडमध्ये पहिल्यांदा आले ती फक्त कुलूप लावायला.
लावता लावता खोकी मोजली.
चाळीस कमी.
शोधत बसले.
आई त्या दिवशीची अजून घरी आलेलीच नाही,
असं मुलगी म्हणते.

क्रीजिंगच्या रोलरनं एक नख नेलं.
क्राफ्टवाल्या सलूजानं मला भावात गंडवलं,
पुढच्या वर्षी मी त्याला.
रेशमाबी, जमना, कंचन:
यांना मी कामावर ठेवलं की त्यांनी मला,
हे अजून ठरायचं आहे.

हे सगळं कुठं लिहू?
मालकी आहे, मालकी नाही, असे दोनच चौकोन.
होत गेले
असा चौकोन नव्हता.

निघताना साहेबांनी मुकुंदला सहज विचारलं,
"थ्री प्लाय का रेट क्या चल रहा है आजकल?"
मुकुंदनं माझ्याकडे पाहिलं.
मग छताकडे.
सत्तावीस वर्षांच्या संसारात
त्याचं गप्प राहणं
इतकं कामाला कधी आलं नव्हतं.
साहेबांनी काहीतरी लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.
मुकुंद बाहेर जाऊन स्कूटर पुसत बसला,
आधीच पुसलेली.

फाइल दोनदा परत आली.
एकदा विजेच्या बिलावर मामंजी होते म्हणून,
एकदा का, ते कुणालाच सांगता आलं नाही.
अकराव्या आठवड्यात प्रमाणपत्र आलं, तेही फोनवर.
चौकातल्या दुकानात पाच रुपये देऊन छापून घेतलं.

मुकुंद म्हणाला, फ्रेम करू या.
मी कागद चिमटीत धरला, अंगठा फिरवला.
सत्तर जीएसएम. फार तर बहात्तर.
याचं खोकं उभं राहणार नाही,
पाव किलो शेवसुद्धा पेलणार नाही याला.

तरी दुपारी, टेम्पो भरून गेल्यावर,
मागून पुठ्ठा लावला.
आपलाच.
पाच प्लायचा.